वारूळवाडीचं बंद ऑफिस

वारूळवाडीत आमच्या कंपनीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. कंपनी पुण्याची, गावोगावच्या पाणी योजनांची डिझाइनं करून देणारी. मी सर्व्हेला जायचे, सर नकाशे तपासायचे. सर मंचरचे, पन्नाशी ओलांडलेले. ड्रॉइंग वाचायला मला त्यांनीच शिकवलं.

लॉकडाऊननंतर नवी कामं येईनाशी झाली आणि माझी नोकरी गेली. फोनवर कळवून टाका, असं पुण्याहून सरांना सांगितलं होतं. पण ते निमगाव सावाला आमच्या घरी आले. वडील मेंढ्या सोडायच्या गडबडीत होते. त्यांना वाटलं, साहेब सहज आलेत. त्यांनी पेलाभर दूध पुढे केलं. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं काम चांगलं आहे, हे मी त्यांना सांगितलं गं. ऐकलं नाही." दूध तसंच राहिलं.

थोड्याच दिवसांत ऑफिस बंद झालं, सरांनाही काढलं. मग एकदा ऑफिसच्या जागामालकांचा फोन आला. ते नारायणगावातले कापडाचे व्यापारी.

"ताई, तुमचे साहेब रोज येऊन बसतात. किल्ली मी मागितली नाही. पण बघवत नाही हो. एकदा येऊन जा."

गेले. टेबलावर घाटघरच्या योजनेचा नकाशा पसरलेला आणि सर पेन्सिल घेऊन आकडे तपासत होते. ती योजना कधीच थांबली होती.

"घरी सांगितलं नाही अजून," ते म्हणाले. "सकाळी तुझी काकू डबा हातात देते. काय सांगू?"

मला रडू आलं. त्यांनीच मला पाणी दिलं.

दुपारी मी त्यांच्याबरोबर मंचरला गेले. काकूंनी दार उघडलं. सर चपला न काढता उभेच.

"अगं, ऐक ना..."

"ठावं हाय मला," काकू म्हणाल्या. "पुण्याच्या हापिसातल्या बाईंचा फोन आला व्हता कवाच. डबा दिला नसता, तर तुमी दिवसभर कुठं गेला असता?"

सर उंबऱ्यातच खाली बसले. काकूही शेजारी टेकल्या. मला तिथं उभं राहवेना. आत जाऊन मी चहाचं आधण ठेवलं.

पुढे मला शेततळ्यांच्या मोजणीची कामं मिळाली. सरांना त्या वयात कुणी घेतलं नाही. आता ते मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात. मध्यंतरी मी तिथून जाताना त्यांनी हाक मारली, खुर्ची पुसून दिली, घरच्यांची चौकशी केली. कामाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. "येत जा," म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.