साचा तोच, ढोल दुसरा

कुठलंही वाद्य हातात घेण्याआधी कासमभाई त्याचा वास घेत. ढोल असला तर हवेच्या भोकाला नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि मग बोटाच्या पेरानं एकच टिचकी मारायचे. कागलकडच्या आमच्या गावातून मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो, तेव्हा माझ्या जुन्या क्लॅरिनेटचाही त्यांनी असाच वास घेतला. म्हणाले, "ह्यो आधी तंबाखू खानाऱ्याजवळ हुता. धुऊन घे, मग वाजव." क्लॅरिनेट कसा वाजवतोस हे विचारलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या बँडमध्ये होतो.

महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. त्या काळी कोल्हापुरात लग्नाच्या वरातीपुढं इंग्रजी बँड असणं नव्यानं मानाचं झालं होतं. मंगळवार पेठेत कासमभाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत वाद्यं आणि मागच्या खोलीत संसार. उंच, हडकुळा माणूस, दाढीला मेंदी आणि आवाज असा की घरात बोलले तरी गल्लीला कळावं. तरुणपणी ते एका जहागीरदारांच्या खाजगी बँडमध्ये मोठा ढोल वाजवत. पुढं स्वतःचा बँड काढला. त्यांना आपल्या कानाचा विलक्षण अभिमान होता. "डोळं फसवत्यात," ते म्हणायचे, "कान फसवत न्हाय. बायकू चालत आली तर पावलावरनं सांगतो, राग हाय का न्हाय." मागच्या खोलीतून चाची उत्तर द्यायच्या, "मग राग घालवायचं तेवढं शिका की."

बँडमधला तातोबा याच घरात वाढला म्हटलं तरी चालेल. त्याला ढोलाची काठी धरायला कासमभाईंनीच शिकवलं. हात मोठा गोड होता त्याचा. पण ऐन लग्नसराईच्या तोंडावर तो तिघा वादकांना घेऊन फुटला आणि त्यानं स्वतःचा बँड उभा केला. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यानं चारचौघांत सांगितलं, "म्हाताऱ्याचा ताल आता ढिला पडलाय." त्या दिवसापासून कासमभाईंनी त्याचं नाव टाकलं. विषय निघालाच तर म्हणायचे, "ते पावणं." ज्याला मांडीवर घेऊन ताल शिकवला, त्याला पावणं म्हणताना त्यांचा आवाज उगाच बारीक व्हायचा.

पुढच्या वर्षी तातोबानं बेळगावहून जुना इंग्रजी ढोलांचा जोड आणला, एक मोठा आणि एक लहान. परत चाललेल्या गोऱ्या पलटणीचं सामान एका भंगारवाल्यानं घेतलं होतं, त्यातला. रुबाबासाठी त्यानं मोठ्या ढोलावर लाल रंग चढवला आणि जहागीरदारांच्या बँडसारखं सोनेरी निशाण काढून घेतलं. वरात आमच्या गल्लीवरून गेली. कासमभाई ओट्यावर बसले होते. पहिली थाप पडली आणि ते उभे राहिले.

"ह्यो जहागीरदारांचा ढोल हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "धा वर्सं पोटाला बांधून वाजवलाय मी. आवाज वळखतो."

गल्लीत ऐकणारे होतेच. जहागीरदारांचा जुना ढोल कोठारातून नाहीसा झाल्याची कुजबुज शहरात अगोदरपासून होती. दोन दिवसांत बातमी जहागीरदारांच्या कारभाऱ्यांच्या कानावर गेली आणि तातोबाला चौकीत नेऊन बसवलं. ढोल जप्त झाला. बेळगावचा भंगारवाला कुठल्या कुठं निघून गेलेला. तातोबाच्या बाजूनं सांगणारं कुणी नव्हतं.

कासमभाईंना ओळख पटवायला बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी कारभारी स्वतः घरी आले. पानसुपारी झाली. कारभारी म्हणाले, "सरकारांना बँड पुन्हा उभा करायचाय. मास्तर म्हणून तुमचंच नाव मनात आहे. उद्या तेवढं काम होऊन जाऊ दे." कासमभाईंनी मान हलवली. तातोबानं बँड फोडल्यापासून आमच्याकडं वराती कमी झाल्या होत्या. हे त्या घरात कुणी बोलत नसे, पण चुलीला ठाऊक होतं. कारभारी गेल्यावर चाची दारात आल्या. "तातोबाची आई दोनदा येऊन गेली," एवढंच म्हणाल्या. कासमभाई म्हणाले, "मी खोटं सांगनार हाय व्हय? ढोल त्योच हाय."

चौकीत मी त्यांच्याबरोबर होतो. फौजदार, कारभारी, पेठेतली पाच-पंचवीस माणसं. कोपऱ्यात तातोबा. दाढी वाढलेली, नजर जमिनीला. कासमभाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ते ढोलाजवळ उकिडवे बसले. भोकाशेजारचा विलायती कारखान्याचा पितळी बिल्ला पुसून बघितला. दोऱ्या चाचपल्या, कड्याची रुंदी वितीनं मोजली.

"साचा त्योच हाय," ते म्हणाले. "कारखाना बी त्योच."

"झालं तर," कारभारी म्हणाले.

मग त्यांनी भोकाला नाक लावलं. डोळे मिटले. पुष्कळ वेळ तसेच राहिले. टिचकी मारली, परत मारली. मी त्यांना दुसरी टिचकी मारताना कधी पाहिलं नव्हतं. उठताना त्यांच्या कपाळावर घाम होता.

"फौजदारसाहेब, ढोलाचं वरचं पान उतरावं लागंल."

कारभारी चमकले. "त्याची काय गरज? भर गल्लीत तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगटलं की. आता आतनं बघतो."

तातोबानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "जुनं कातडं हाय. वाळलंय. फाटलं तर दुसरं मिळायचं न्हाय मला."

"पावणं, गप बसा," कासमभाई त्याच्याकडं पाठ करूनच म्हणाले.

फौजदारानं मान डोलावली. कासमभाईंनी दोरी सैल करायला घेतली. दोरी ताणून धरणारा एकेक चामडी कान मागं सरकत होता, आणि चौकीत दोरीच्या करकरीशिवाय आवाज नव्हता. कडं निघालं. पान उचलताना काठाला कोरडा चर्र आवाज झाला आणि तातोबानं डोळे झाकून घेतले. कासमभाईंनी ढोलाचं लाकडी खोड उजेडाकडं वळवलं आणि आत हात घातला. आतल्या सगळ्या लाकडावरून तळवा फिरवत ते हळूहळू खाली गेले. पुन्हा वर आले. मग हात बाहेर काढला.

मला तेव्हा वाटलं, आता हा माणूस काहीही बोलू शकतो. आत काय असायला हवं होतं, ते त्या चौकीत एकट्या त्यांनाच माहीत होतं.

"ह्यो त्यो ढोल न्हवं," ते म्हणाले.

कुणाला आधी कळलंच नाही. कारभारी म्हणाले, "नीट बोला."

"नीटच बोलतोय. पन्हाळ्याच्या घाटात आमचा ढोल गाडीवरनं पडला हुता. खोड तडकलं. आतनं फळीचा तुकडा सरस लावून बसवला, मीच धरून बसलेलो रातभर. ह्यात ठिगळ न्हाय, आनि काढल्याची खूण बी न्हाय. आनि हे बघा, खोड जिथं जोडलंय तिथं आमच्या ढोलाला तांब्याचं खिळं हुतं. ह्याला खिळाच न्हाय, नुस्ता सरस हाय. लाकूड बी अजून पिवळं हाय आतनं. त्याच कारखान्याचा, त्याच साच्याचा, पर लई मागनं झालेला. आमचा म्हातारा हुता. ह्यो पोरगा हाय."

"म्हणजे तुमचा कान चुकला म्हणा," कारभारी सावकाश म्हणाले. त्यांना तो घाव कुठं बसेल हे माहीत होतं.

कासमभाईंचा चेहरा काळवंडला. त्यांनी जमलेल्या माणसांकडं एकदा बघून घेतलं. "व्हय," ते म्हणाले. "चुकला. लिहून घ्या."

फौजदारानं स्वतः आत हात घालून बघितलं आणि तातोबाला सोडलं. तो ढोलाचं सुटं सामान गोळा करून आमच्या शेजारून निघून गेला. घराच्या वाटेवर मी म्हणालो, "कासमभाई, निदान आभार तरी मानायचे त्यानं." ते थांबले. "कशाचं आभार? मीच बसवला हुता त्याला तितं. आनि ऐक, ढोल खरा निघाला म्हनून मानूस खरा होत न्हाय. माझा बँड मोडला त्यो मोडलाच."

मास्तरकी अर्थातच गेली. त्याहून वाईट म्हणजे पेठेत बोलू लागले, कासमभाईंचा कान गेला. आधीच कमी झालेल्या वराती आणखी कमी झाल्या. वाद्य पारखून घ्यायला लोक यायचे, ते येईनासे झाले. मी तेव्हा दुसरीकडं गेलो असतो तर त्यांनी अडवलं नसतं. पण त्या चौकीत बसल्यानंतर मला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली वाजवावंसं वाटेना.

वर्षभरानं तातोबाच्या ढोलाचं पान काठाशी फाटलं. नवं कातडं चढवणारा हात कोल्हापुरात एकच होता. त्यानं माणूस पाठवला. कासमभाई म्हणाले, "ढोल ज्याचा, त्यानं आनावा." संध्याकाळी तातोबा ढोल डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला. कासमभाईंनी त्याला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. भिजवलेलं कातडं पसरलं आणि दोरीचं टोक त्याच्यापुढं टाकलं. दोघांनी मिळून दोरी ताणली. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं धरायचं. इतक्या वर्षांची सवय, बोलायची गरजच पडली नाही. चाचींनी दोन ताटं वाढून पुढं ठेवली. दोघं जेवले. तातोबा जायला निघाला तेव्हा कासमभाई म्हणाले, "दोन दिस सावलीत वाळू दे. उन्हात ठेवशील तर तुजं तू बघ."

"पावणं" सोडून आलेल्या त्या "तू" वर तातोबा उंबऱ्यात क्षणभर अडखळला आणि मग गेला. पुढं त्यांचं येणंजाणं काही सुरू झालं नाही. दोन्ही बँड आपापल्या वाटेनं वाजत राहिले.

तापाच्या साथीत कासमभाई गेले. आजारपण असं नव्हतंच. सकाळी पडले आणि तिसऱ्या दिवशी संपलं. साथीच्या भीतीनं शेजारपाजारची माणसंसुद्धा दारं लावून होती, आमच्या बँडमधलेही निम्मे तापानं पडलेले. जनाजा उचलायला चौघं तरी मिळतील का, या काळजीत मी बाहेर आलो, तर गल्लीच्या तोंडाशी तातोबा उभा होता. त्याच्यामागं त्याचा सगळा बँड. त्यानं चपला काढल्या, पुढं झाला आणि खांदा दिला.

कोल्हापुरातले एवढे वाजवणारे एका रस्त्यानं निघाले होते आणि कुणाच्याही हातात वाद्य नव्हतं. सगळ्यांची पावलं मात्र एकाच लयीत पडत होती.