बाळंतिणीची काचपेटी

नवऱ्याने मुंबईहून मासे आणले, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात या माणसाने हौसेने घरात तुळशीची कुंडीसुद्धा आणली नव्हती. तो पाइपच्या कंपनीत नोकरीला. कंपनीच्या कामाला म्हणून गेला आणि हवा भरलेल्या दोन पिशव्यांत दोन नारिंगी मासे, एक पंप आणि माशांच्या दाण्याची डबी घेऊन जळगावला परतला. पिशव्या गाडीत मांडीवर धरून बसला होता म्हणे. काचेची पेटी इथल्याच दुकानातून आणून त्याने पुढच्या खोलीत मांडली. मी मुळातच संशयी; माहेरी पिंपळनेरला दूधवाल्याच्या मापातही डोकावून बघायची. हे सगळं कुणासाठी, हा माझा पहिला प्रश्न, आणि तो मी विचारला नाही.

मासे मोतीचुराच्या लाडवासारखे गोल होते. पोपटासारखं तोंड म्हणून त्यांना पॅरट म्हणायचे. ते तोंड कधी पुरतं मिटायचं नाही. काहीतरी सांगायला आले आहेत आणि ऐन वेळी गप्प बसलेत, असंच मला वाटायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला नवरा कौतुकाने सांगायचा, "हे नदीतले मासे नाहीत. क्रॉस आहेत, हायब्रीड." मला वाटलं, रंग लावून गळ्यात मारलेत. एक दिवस नवरा कामाला गेल्यावर मी जाळीने एकाला वर काढून ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसून पाहिलं. रुमाल पांढराच राहिला. माशाने मात्र पुढे कितीतरी दिवस मला पाहिलं की पेटीतल्या फुटक्या मडक्यामागे दडी मारली.

घरात आम्ही तिघंच. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलायच्या. त्यांनी मला कधी उणा शब्द ऐकवला नाही, पण चार वर्षांत पाळणा हलला नव्हता आणि त्यांना उत्तर हवं होतं. मी तपासण्या करून घेतल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यात काही दोष नाही. सासूबाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. नवऱ्याला तपासा, असं मी एकदाच म्हणाले, तर तो बूट घालून बाहेर निघून गेला. इकडे धुळ्याहून नणंद आली की माय-लेकींचं स्वयंपाकघरात खुसुखुसु चालायचं आणि मी पाऊल टाकलं की दोघी एकदम वांग्यांच्या भावावर यायच्या. त्यांच्या नात्यात लग्नाची एक मुलगी आहे, एवढं माझ्या कानावर पडलंच. मला परत पिंपळनेरला पाठवून तिला आणणार, अशी माझी खात्री होत चालली होती. मी भांडी घासतानासुद्धा कान टवकारून असायची.

अशात मादीने अंडी घातली. पेटीत मडक्याची एक खापरी आडवी टाकली होती, तिच्यावर बारीक साबुदाण्यासारखे मणी चिकटले. नर आणि मादी दोघं जागचे हलेनात, पंखांनी वारा घालत राहिले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी काय करावं? पेटीवर जुनी गोधडी टाकली, एका कोपऱ्याला काळा दोरा बांधला आणि खाली शेगडी ठेवून ओवा-शेपूची धुरी दिली. घरात बाळंतीण असल्यावर जे जे करतात, ते सगळं. मी हसत हसत दाण्याची डबी घ्यायला गेले, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू आते तठे जाऊ नको. ती बायंतीन शे."

मूल नसलेल्या बाईची सावली बाळंतिणीवर पडू देत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेजारच्या बारशाला मला उंबऱ्याच्या आत कुणी बोलावलं नव्हतं, तेही मी गिळलं होतं. पण माशांसाठी? माझ्याच घरातल्या पुढच्या खोलीत? मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान वर न करता पाण्याचं तापमान बघत होता. मला त्या क्षणी सासूबाईंपेक्षा त्याचाच राग आला.

तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, बुरशी धरली आणि मादीने ती खाऊन टाकली. महिन्याभराने पुन्हा तेच. पुन्हा गोधडी, पुन्हा धुरी, पुन्हा पांढरी अंडी. मला आधी वाटलं, सासूबाईच पाण्यात तुरटी फिरवतात; नळाला गढूळ पाणी आलं की ड्रममध्ये फिरवायच्याच. मी तुरटीचा खडा मोजून मापून पाहिला, तो तेवढाच होता. सासूबाईंना वाटत होतं, त्या भाजी आणायला गेल्या की मी पुढच्या खोलीत जाते. मी जात होतेच, केर काढायला कोण जाणार? शेवटी त्यांनी केरही स्वतः काढायला घेतला. कंबर धरून वाकायच्या, पण मला झाडू देईनात. एका पेटीभोवती आम्ही दोघी एकमेकींवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होतो.

मग पाचोऱ्याकडचे मामा आले, सासूबाईंचे धाकटे भाऊ. कापसाची शेती, बोलणं मोकळं. पेटीवर गोधडी बघून त्यांनी विचारलं, "अक्का, हाई काय शे?" सासूबाईंनी सगळी कहाणी सांगितली आणि सांगता सांगता दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे एक नजर टाकली. नवरा आपला चहा ढवळत म्हणाला, "मामा, हायब्रीड आहेत. नाजूक असतात."

मामा हसायलाच लागले. "हायब्रीड शे ना? मंग त्यान्हं बी कसं उगी? कपाशीनं बी आपुन दरसाल नवं लेतस. घरनं बी ठेईसन लावं त झाड वाढस, पन बोंड धड धरत नही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "दुकानवालानी तुले सांगं नही का?"

खरं तर या घरात शेतीशी नातं नसलेला माणूस नव्हता. हायब्रीड हा शब्द आम्ही सगळे दिवसातून चारदा ऐकत होतो आणि कुणाच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता. पण मी मामांकडे बघतच नव्हते. नवऱ्याचा चहा केव्हाच संपला होता आणि तो रिकामा कप ढवळत होता. पाणी कुठे मुरतंय ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. नवरा नळीने पेटीतलं पाणी काढत होता. मी विचारलं, "दुकानदाराने सांगितलं होतं ना?"

"हो."

"काय सांगितलं होतं?"

"की नर कामाचा नाही. मादी चांगली आहे. दुसऱ्या जातीचा नर असता तर पिल्लं झाली असती."

"आणि हे माहीत असून तुम्ही खापर माझ्या सावलीवर फुटू दिलंत?"

बादली भरून पाणी फरशीवर वाहू लागलं, तरी त्याने नळी उचलली नाही. माझा आवाज चढला होता, पण पुढचा प्रश्न मी अगदी हळू विचारला. "आणखी काय माहीत आहे तुम्हाला?"

मग त्याने सांगितलं. आदल्या वर्षी बहिणीला भेटायला म्हणून धुळ्याला गेला, तेव्हा तपासून आला होता. जळगावात कुणी पाहिलं असतं म्हणून तिकडे. दोष त्याच्यात होता, औषधाने जाण्यासारखा नव्हता. मासे आणले ते घरातल्यांचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून. ते अंडी घालतील, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "आईंना सांगा. नाहीतर मी सांगते." आणि फरशी पुसायला फडका आणायला गेले.

त्याने सांगितलं की नाही, मला कळेना. सासूबाईंच्या वागण्यात तसूभर फरक नाही. बोलणं कमी झालं होतं, पण दाण्याची डबी त्यांच्याच कमरेला. मला वाटलं, हा पुन्हा गप्प बसला. किंवा याने सांगितलं आणि त्यांनी झाकून टाकलं. मुलाची अब्रू सुनेपेक्षा जवळची. रोज सकाळी मी आज बोलायचंच असं ठरवायची आणि भाकरी थापत बसायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, नणंद माहेरी आली. पेटीतली मादी नुकतीच पुन्हा अंड्यांवर बसली होती आणि मी दारात उभी राहून, दुरूनच, बघत होते. नणंद म्हणाली, "माय, हाई आठे उभी ऱ्हास म्हनीसनच अंडा खराब होतस."

नवरा तिथेच खुर्चीवर होता. सासूबाई पुरणपोळीचं ताट खाली ठेवून सावकाश उठल्या.

"तिले काही म्हनू नको," त्या म्हणाल्या. "तिन्हा काही दोष नही. दोष मन्हा आंडोरना शे. आनि ती दुसरी पोरनी गोट आते या घरमा काढू नको."

नणंद आईकडे बघतच राहिली. नवऱ्याने मान खाली घातली. सासूबाईंचा चेहरा ओढलेला होता. स्वतःच्या मुलाबद्दल असं, लेकीदेखत बोलताना त्यांना काय झालं असेल, ते मला दिसत होतं. त्यांनी कमरेची डबी काढून माझ्यापुढे धरली. "जा, मासासले दाना टाक."

मी उंबरा ओलांडून आत गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, की एवढ्या एका वाक्याला इतके महिने लागले. डबीचं झाकण घट्ट होतं, मला पटकन निघेना. ते बघून नवरा मदतीला उठला.

"तू बठ," सासूबाई त्याला म्हणाल्या. "ती उघाडी लेई."

मी झाकण उघडलं आणि दाणा टाकला.