दुसऱ्या फेरीत ऐकलेलं

मला रोलर कोस्टरची भीती वाटत नाही. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. घरात सगळे समजतात की मी घाबरतो. पोरं लहान होती तेव्हा सुट्टीत कुठल्या पार्कात गेलो की सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत मी खाली बाकावर बसून राहायचो. पोरं आता मोठी झाली तरी चिडवतात. मीही हसून घेतो. माझी भीती नव्वदीच्या दशकात सुरतेतच गेली, एका उन्हाळ्यात. ती गेली हे मी का लपवलं, ते आज लिहितो.

तेव्हा मी सुरतेतल्या उधन्याला बहिणीच्या घरी राहत होतो. ती माझ्याहून मोठी. गावाकडे शिक्षण अर्धवट सोडून बसलेल्या मला दाजींनी खानदेशातून बोलावून घेतलं आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लावलं. लूमच्या कारखान्याला तिथे खातं म्हणतात; त्याच खात्यात ते मास्तर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करायचा आणि कारागिरांवर लक्ष ठेवायचं. घर म्हणजे एक खोली. तिच्यात बहीण, दाजी आणि दाजींची आई. मी बाहेर ओट्यावर झोपायचो. भाकरी बहिणीच्या हातची, काम दाजींच्या शब्दावरचं.

दाजी बहिणीवर हात उचलायचे. मूल होत नव्हतं, हे एक कारण. ते पुरलं नाही तर भाजीतलं मीठ. आत आवाज चढला की मी बादली उचलून नळावर जायचो. नळाला पाणी नसलं तरी तिथेच बसायचो. परत यायचो तेव्हा ती चुलीपुढे वाकलेली असायची आणि मी ताट पुढे ओढायचो. त्या खोलीत आम्हा बहीण-भावाला दोन शब्द एकांतात बोलायला कधी मिळत नव्हतं. खरं सांगायचं तर मीच तशी वेळ येऊ देत नव्हतो.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला भावाने जायचं असतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेला नाही तर सासरचे पाठवत नाहीत, आणि त्यांना कोणी नावही ठेवत नाही. बहिणीची गोची झाली ती माझ्यामुळे. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर वडिलांनी निरोप धाडला, "भाऊ घरमाच शे, मंग मुराळी कसाले धाडू?" घरातच भाऊ असताना वेगळा माणूस कशाला, असा त्यांचा हिशेब. इकडे दाजींची आई म्हणायची, "आमचं खाऊन आमच्याच ओट्यावर लोळतो, तो कसला मुराळी? माहेराहून कोणी येऊ दे, मग बघू."

मी एकदा म्हणालो असतो, "मी नेतो तिला," तर दोन्हीकडची तोंडं बंद झाली असती. म्हणालो नाही. तिला नेलं असतं तर परत आणून सोडायचं की नाही, हा प्रश्न वडिलांपुढे आला असता. आणि तिला परत सोडलं नसतं तर मला तरी त्या ओट्यावर कोण झोपू देणार होतं?

अशा दोन आखाज्या गेल्या. तिसरी जवळ आली तेव्हा शहरात मोठा मेळा लागला होता. पावरची सुट्टी होती, म्हणजे कारखान्यांची वीज बंद म्हणून लूम बंद. दाजी खुशीत होते. आम्ही चौघे गेलो. आकाशपाळणा, मौत का कुआँ हे सगळं पाहिलेलं होतं, पण रोलर कोस्टर आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. लोखंडी रुळांवरची गाडी, पुढे अजगराचं तोंड रंगवलेलं, एका बाकड्यावर दोघं.

बहीण त्याच्यापुढे उभी राहिली. लग्नानंतर तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "मला यात बसायचंय."

"एकट्या बाईमाणसाने?" सासू म्हणाली.

"भाऊ बसेल ना माझ्यासोबत."

मला गावच्या झोक्याचीही भीती. लहानपणी तिने मला मांडीवर घेऊन झोका चढवला होता, तेव्हा मी तिचा परकर ओला केला होता. गावातल्या पोरी कितीतरी वर्षं त्यावरून टाळ्या देत. मी म्हणालो, "ताई, दाजींना ने."

दाजी मोठ्याने हसले. "अरे, तू साला तर आहेसच माझा, वरून भित्रा पण? जा, बस. तुझ्या बहिणीला आखाजीचा झोका इथेच घेऊ दे. गावाला जायची कटकटच नको!"

सासूही हसली. बहीण हसली नाही. माझं मनगट धरून तिने मला जवळजवळ ओढतच नेलं. गाडीवरचा माणूस ओरडत होता, "चलो, बेसी जाओ, बेसी जाओ!" त्याने आमच्या मांडीवर दांडा पाडला.

गाडी दोन फेऱ्या मारायची. पहिल्या फेरीत मी डोळे उघडलेच नाहीत. मी किंचाळलो, तिच्या हातात नखं रुतवली. ती कानाशी म्हणत होती, "डोळे उघड रे. मिटलेल्या डोळ्यांनीच जास्त भीती वाटते. उघड, मी आहे."

दुसऱ्या फेरीत गाडी चढ चढू लागली तेव्हा मी डोळे उघडले. खाली दिवे लागत होते. लांब गिरण्यांच्या चिमण्या, रेल्वेचे रूळ, मुंग्यांएवढी माणसं. भीती कुठे गेली, कळलं नाही. अंग हलकं झालं. मी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसलो असेन. मी हसतोय हे पाहून ती माझ्याकडे वळली. गाडी अगदी वर होती, हळू चालली होती. ती म्हणाली,

"माले घर लई चाल, भाऊ. आनि मंग परत नको धाडू. मी मरी जासू आठे."

घरी घेऊन चल, परत पाठवू नको, मी इथे मरून जाईन. मग गाडी खाली कोसळली.

उतरलो तेव्हा दाजी उसाच्या रसाचे पेले घेऊन समोरून येत होते. ते पोचायच्या आत तिने घाईने विचारलं, "आयकं ना तू?"

गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं म्हणता येत नव्हतं. लूमच्या खात्यात कानठळ्या बसवणारी खटखट चालते, तिथे आम्ही नुसत्या ओठांवरून एकमेकांचं बोलणं ओळखतो. हे तिला माहीत होतं, कारण आमच्या घरात मी आणि दाजी तसं बोलून तिची थट्टा करायचो. आवाजाचं कारण तिला पटलंच नसतं. म्हणून मी भीतीचं कारण दिलं.

"काहीच आयकू नही उनं, ताई. भीतीनं कान बंद पडनात."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. खोटं वाटू नये म्हणून मी तिथेच मातीत बसलो, डोकं धरलं, ओकारी काढली. दाजी पोट धरून हसत होते. "बघा, कारागीर बघा आमचा!" बहिणीने कुठूनतरी तांब्याभर पाणी आणलं. माझ्या डोक्यावर ओतलं. आपल्या पदराने माझं तोंड पुसलं. मी डोळे मिटून घेतले होते.

त्या आखाजीलाही ती सुरतेतच राहिली. घागर पुजली, आमरस केला, पुरणपोळ्या केल्या आणि पहिलं ताट मला वाढलं. मी जेवलो. तिने पुन्हा माझ्याकडे काही मागितलं नाही.

ती मेली नाही. पुढे तिला मुलगा झाला, दाजींचा हात वयाने थांबला, मग दाजीही गेले. ती अजून उधन्यालाच आहे. मी सुरतेजवळ पलसाण्याला एका प्रोसेस मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, सुपरवायझर झालो, घर केलं. लोक म्हणतात, बहिणीचं सगळं नीट झालं. तिची मधली वर्षं मी पाहिली आहेत, म्हणून मला तसं म्हणवत नाही.

मागे सगळे मिळून एका पार्कात गेलो होतो. तिच्या नातवाने माझा हात ओढला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "राहू द्या रे त्याला. त्याला झेपत नाही ते." आणि आपली पर्स माझ्याकडे देऊन नातवाबरोबर रांगेत जाऊन उभी राहिली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, की तेव्हाच ओळखून इतकी वर्षं मला झाकून घेत आली, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

ताई, मी ऐकलं होतं, एवढं मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.