पहिले सव्वीस भाग

नीलम तायडे अकोट आगारात कंडक्टर आहे. नोकरीला आता आठ वर्षं झाली. अकोट-अकोला आणि अकोट-अमरावती या रस्त्यांवरचे नेहमीचे प्रवासी तिला तोंडपाठ आहेत. अंजनगावला उतरणाऱ्या मास्तरीणबाईंचा डोळा लागला असेल, तर गाव यायच्या आधी ती त्यांच्या सीटच्या पाठीवर दोन बोटं वाजवते. आवाज खणखणीत, बोलणं सरळसोट. पुण्याकडचा एखादा पाहुणा बसमध्ये बसला तर त्याला वाटतं, बाई आपल्यावर चिडली. ती चिडलेली नसते. तिचं बोलणंच तसं आहे.

पण तिला आणखी एक गोष्ट तोंडपाठ आहे, आणि ती आगारात कोणालाही ठाऊक नव्हती. एका जपानी कार्टूनचे पहिले सव्वीस भाग, संवादांसकट.

ती दहा वर्षांची असताना घरी टीव्ही आला. वडील मोतीराम अकोटच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापसाच्या हंगामात ते उशिरा यायचे, तेव्हा संध्याकाळी टीव्हीवर राज्य नीलमचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, सुगतचं. पाच वाजता लहान मुलांच्या वाहिनीवर हिंदीतून ‘नाओ की घंटी’ लागायचं. नाओ नावाची बारा वर्षांची मुलगी. तिच्या गावच्या देवळातल्या मोठ्या घंटेला तडा गेलेला असतो. ती दुरुस्त करणारा कारागीर सात डोंगरांपलीकडे राहतो म्हणे. मोठी माणसं शेतीभातीत अडकलेली, म्हणून नाओ आणि तिचा चुलतभाऊ घंटा हातगाडीवर घालतात आणि ओढत निघतात. एवढीच गोष्ट. नीलमची आई मैना स्वयंपाकघरातून विचारायची, “लागली का तुमची घंटागाडी?” आणि सुगत रुसायचा, कारण गावातली घंटागाडी कचरा न्यायची.

सव्वीस भागांत नाओ दोन डोंगर ओलांडायची. तिसऱ्याच्या पायथ्याशी दाट धुकं, त्या धुक्यात गाडी शिरते, चाकांचा आवाज येत राहतो, आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा पहिला भाग. पुढचे भाग वाहिनीकडे नव्हते की काय, कोण जाणे. तीन वर्षं हेच चाललं. नाओ तीस-चाळीस वेळा धुक्यात शिरली आणि तीस-चाळीस वेळा पुन्हा आपल्या गावात उभी राहिली.

“ताई, मंग पुढं काय झालं?” सुगत विचारायचा.

तेव्हा नीलमनं पुढचं सांगायला सुरुवात केली. अकोटहून उत्तरेला सातपुडा दिसतो. तिनं तिसरा डोंगर म्हणून तोच धरला. धुकं विरलं तेव्हा नाओची गाडी नरनाळ्याच्या पायथ्याशी होती. तिथून कापसाच्या बैलगाड्यांमागे ती अकोटात आली, विचारत विचारत बाबांच्या जिनिंगमध्ये पोचली, आणि बाबांनी घंटेला झकास वेल्डिंग मारून दिलं.

मोतीराम जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. “काशाच्या घंटेले वेल्डिंग नाही चालत, बाई. आवाज बसते.”

सुगतचं तोंड उतरलं. दोन दिवसांनी मोतीरामांनीच जेवताना विषय काढला. अकोल्याहून आलेल्या एका ओतकाम करणाऱ्याला त्यांनी विचारलं होतं. “तडा गेलेली घंटा वितळून पुन्हा ओतावं लागते. साचा लागते मातीचा. आमच्याकडं थे काम होत नाही म्हणून सांग तुझ्या पोरीले.” नाओला पुढे जावं लागलं. मग ती मूर्तिजापूरला गेली, वरूडच्या संत्र्यांच्या बागेत राहिली, एका भागात तर ट्रॅक्टरवाल्यानं तिची हातगाडी मागे बांधून घेतली आणि चुलतभावाला ट्रॅक्टरवर बसायला मिळालं. हे सुगतला फार आवडलं होतं. पुढे तो मोठ्या शाळेत गेला, क्रिकेट खेळायला लागला, आणि ती घंटा कोणी ओतलीच नाही.

मधली वर्षं सगळ्यांची जातात तशी गेली. नीलम पदवीधर झाली, परीक्षा देऊन एसटीत लागली. लग्नासाठी दोन ठिकाणी बघणं झालं, जमलं नाही, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सुगत नागपूरला नोकरीला गेला. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्याचा मेसेज आला: “ताई, नाओचे सगळे भाग सापडले. एकशे ऐंशी आहेत.”

नीलमनं ते पाच महिन्यांत पाहिले. डब्याच्या सुट्टीत आगाराच्या विश्रांतिगृहात, कानात इअरफोनची बोंडं घालून. साप्ताहिक सुट्टीला घरी. पहिले सव्वीस भाग सुरू होते तेव्हा तिची चपाती हातातच राहायची. मग सत्ताविसावा आला. धुकं विरलं आणि समोर राजाचं सोन्याचं शहर निघालं. चाळिसाव्याच्या सुमारास कळलं की त्या घंटेत जादू आहे, तिच्या आवाजानं फौजा कोसळतात. साठाव्यापासून नाओ उडायला लागली. शेवट चांगला होता. नीलमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्याच दिवशी तिनं पुन्हा पहिला भाग लावला.

तिनं सुगतला फोन केला. “पुढचं चांगलं आहे रे. पण मले सुरुवातीचंच पाहावं वाटते. काहून असन?”

“आपण लहान होतो ना ताई,” सुगत म्हणाला. “आपल्याले आवडते थे आपलं लहानपण. कार्टून नाही.”

त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं, पण पटत नव्हतं. मग तिनं एक केलं. सुट्टीच्या दिवशी आईला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून लावून दिलं. मैनाबाईंनी आयुष्यात ते कार्टून धड पाहिलं नव्हतं, फक्त चिडवलं होतं. त्यांचं लहानपण त्यात कुठेच नव्हतं.

तिसऱ्या भागात नाओ नदी ओलांडते. अख्खा भाग तेवढ्यातच जातो. दोरी बांधायची, घंटा लाकडाच्या तराफ्यावर चढवायची, पाण्याला ओढ आहे, दोरीचा एक पदर तुटतो. मैनाबाई निवडायचे तांदूळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भाग संपेपर्यंत एक खडा निघाला नाही. “पोट्टीच्या हाताले फोड आले असतीन,” त्या म्हणाल्या. अकराव्या भागातली म्हातारी नाओला जेवू घातल्याशिवाय रस्ता सांगत नाही, ती तर त्यांना इतकी आवडली की चार दिवस तिच्याबद्दल बोलत होत्या. असे चाळीसेक भाग त्यांनी पाहिले. बेचाळिसाव्याला उठल्या.

“पुरे झालं बाई. आता हे पोरगी कोणालेच भेत नाही. तिले भूक लागत नाही, तिचे पाय दुखत नाहीत, कोणाले रस्ता विचारा लागत नाही. मंग मी कायले जीव लावू तिले?”

नीलमनं फोन बंद केला. पाच महिने तिला जे सांगता येत नव्हतं, ते आईनं तांदळाचं ताट उचलता उचलता सांगितलं होतं.

यंदा भाद्रपदात तिला चिखलदऱ्याची ड्युटी लागली. परतवाड्याला अमरावतीच्या कॉलेजातली आठ-दहा मुलं चढली. घाट अर्धा चढून झाल्यावर ड्रायव्हर नत्थुजींनी गाडी थांबवली. रस्त्यावर भलंमोठं झाड आडवं पडलं होतं. वनखात्याची माणसं करवत घेऊन आली होती, पण दोन तास तरी लागतील म्हणाली. प्रवासी खाली उतरले, पाय मोकळे करून पुन्हा वर येऊन बसले. नीलम आपल्या सीटवर होती. मागून एका मुलाचा आवाज आला. पुष्कर त्याचं नाव, हे तिला नंतर कळलं.

“पहिले पंचवीस भाग सोडून दे,” तो मित्राला सांगत होता. “त्यात काहीच घडत नाही. नुसती गाडी ओढतात. धुक्यापासून पुढे बघ.”

नीलम मागे वळली. “कोण म्हणते काहीच घडत नाही?”

मुलं चपापली. त्यांना वाटलं, तिकिटाचं काही चुकलं. पुष्करच्या शेजारच्या मुलीच्या, जुईलीच्या, बॅगेला पितळेची छोटी घंटा लटकत होती. तिनं हळूच विचारलं, “मॅडम, तुम्ही नाओ बघता?”

“तू जन्माले आली नसशीन तेव्हापासून पाहून राहिली,” नीलम म्हणाली आणि त्यांच्याजवळच्या सीटवर जाऊन बसली. “तिसऱ्या भागात नदी आहे. आठवते? दोरीचा पदर तुटते. घंटा बुडते का राहते, आपल्याले माहीत नसते. मले तर वाटते, बनवणाऱ्यालेही माहीत नसन. आणि एकशे चाळिसाव्यात नाओ नदीच उचलते. पुरी नदी. तिथं मी पाणी प्यायले उठली, परत येईपर्यंत नदी खाली ठेवली होती तिनं.”

मुलं हसली. पुष्कर मात्र हटला नाही. “पण मॅडम, जो जे आधी बघतो त्याला तेच आवडतं. मी चाळिसाव्यापासून सुरू केलं, मला चाळिसावा आवडतो.”

“तेही खरं असन,” नीलमनं कबूल केलं. मग तिनं आईची गोष्ट सांगितली, तांदळाच्या ताटासकट. “आणखी एक,” ती म्हणाली. “पुढं त्यांच्याजवळ नकाशा आहे. कोणता राजा कुठं, कोणाची ताकद किती, सगळं लिहिलेलं. सुरुवातीले नकाशाच नाही. थे म्हातारी नुसतं म्हणते, डोंगरामागं डोंगर आहे. त्या दोन डोंगरांच्या मधात काय असन, हे मी तीन वर्षं इचार करत होती.”

“तीन वर्षं?” जुईलीनं विचारलं.

मग वाहिनीची हकिगत सांगावी लागली, आणि सुगतची, आणि तिनं स्वतः रचलेल्या सत्ताविसाव्या भागाची. नरनाळा, बैलगाड्या, जिनिंग, वेल्डिंग. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की पुढच्या सीटवरच्या भागीरथाबाईही वळून बसल्या आहेत. चिखलदऱ्याला लेकीकडे निघालेली सत्तरीची बाई, मांडीवर पिशवी. कार्टून म्हणजे काय हे तिनं विचारलंच नाही. बसमधली आणखी पाच-सहा माणसं कान देऊन होती. नीलम मूर्तिजापूरपर्यंत आली, वरूडला पोचली, ट्रॅक्टर झाला.

नत्थुजींनी खिडकीतून डोकं घातलं. “मॅडम, रस्ता मोकळा झाला.”

“थांबा जराशीक,” भागीरथाबाई म्हणाल्या. “बाई, मंग घंटा ओतली का नाही त्या पोरीनं?”

“नाही अजून,” नीलम म्हणाली. “तिथंच राहिली.” आणि तिनं बेल दिली.

उतरताना जुईलीनं तिचा नंबर घेतला. अमरावतीत त्यांच्या ओळखीच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये ही मुलं वर्षातून एकदा जमत. कोणी नाओसारखा निळा रुमाल बांधून येई, कोणी चित्रं आणी. “तुमचा सत्ताविसावा भाग सांगायला याल?” जुईलीनं नंतर फोनवर विचारलं. नीलमनं आधी उडवून लावलं. मग सुट्टीचा दिवस जुळत होता म्हणून हो म्हणाली, आणि एकटीनं जायला संकोच वाटला म्हणून मोतीरामांना बरोबर घेतलं.

हॉलमध्ये चाळीसेक मुलं होती. खाकी सोडून साध्या सलवार-कुडत्यात माईकसमोर उभी राहिल्यावर नीलम आधी अडखळली. बसमध्ये पन्नास माणसांवर ओरडणं वेगळं. पण नरनाळा आला तसा तिचा आवाज सुटला. जिनिंगचा प्रसंग आला तेव्हा दुसऱ्या रांगेतून मोतीराम म्हणाले, “वेल्डिंग चालत नाही.” हॉल हसला. जुईलीनं त्यांना पुढे बोलावलं. मग घंटेत तांबं किती, कथील किती, साचा भाजला नाही तर काय होतं, हे मोतीरामांनी पंधरा मिनिटं समजावलं. यंत्रांच्या घरघरीनं त्यांचे कान कमी झाले आहेत, त्यामुळे मुलांना प्रश्न ओरडून विचारावे लागत होते, तरी हात वर होतच होते. नीलम बाजूला खुर्चीवर बसली आणि बापाकडे बघत राहिली. नोकरीत असताना त्यांना इतक्या माणसांनी एकदम कधी काही विचारलं नव्हतं.

निघताना पुष्कर दारापर्यंत आला. “पहिल्यापासून बघितलं मॅडम. अकराव्याला थांबलो.”

“काहून?”

“परत लावला तोच.” तो जरा हसला. “चाळिसावा मला अजूनही आवडतो.”

“आवडू दे ना,” नीलम म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मोतीराम खिडकीशी बसले होते. अंजनगाव गेल्यावर त्यांनी विचारलं, “खऱ्या कार्टुनात शेवटी काय होते त्या घंटेचं?”

नीलमनं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. “राहू दे. मीच पाहतो.”

आता रोज दुपारी चारला ते फोन डब्याला टेकवून बसतात. आवाज पूर्ण मोठा, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतका. रोज एकच भाग, दुसरा लावत नाहीत. मैनाबाई मधूनच पुढचं सांगायला जातात, आणि मग दोघांचं थोडं वाजतं. परवा नीलम ड्युटीवरून आली तेव्हा मोतीराम पाटावर बसून खडूनं फरशीवर काहीतरी काढत होते. नदीच्या भागातला तराफा होता. लाकडं उलट बांधली आहेत, म्हणाले. एवढ्या वजनाला आडवा दांडा हवा होता.