सेटवरचे अहो

डिजिटल सेट घ्यायचे हा हट्ट माझा. आमचं लग्नाचं लॉन कोपरला, खाडीच्या अंगाला. आजोबांच्या वेळी तिथे मिठागर होतं. हळदीचा डीजे लागला की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो ते कळत नाही, तिथे मोबाइल कुठला कानाला लावताय? म्हणून पार्किंग, स्वयंपाकघर, स्टेज, सगळ्यांकडे वॉकीटॉकी. जुने सेट नुसते खरखरायचे आणि बाबांना नेमकं तेच आवडायचं. ठाण्याच्या दुकानात मी नवे सेट बघत होते, तर हे दुकानदाराला ऐकवतायत, "खरखर वाढली की समजतं, माणूस लांब गेलाय. ह्याच्यात काय समजणार?" दुकानदार म्हणाला, ह्यात खरखर नाहीच शेठ. आवाज एकतर स्वच्छ येतो, नाहीतर येतच नाही.

मी म्हटलं, "बाबा, आता जरा गप्प बसा." आणि घेतले.

प्रोग्रामिंग मी स्वतः शिकले. सेटला केबल लावायची, लॅपटॉपवर भरायचं. प्रत्येक सेटला एक नंबर असतो, आणि तो नंबर बोलायला लागला की दुसऱ्याच्या स्क्रीनवर काय नाव दिसावं ते आपण ठरवायचं. बाबांनी बटण दाबलं की माझ्याकडे 'बाबा' उजळायचं, कामगारांकडे 'शेठ'. आईच्या सेटपाशी मी अडले. तिने उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. विचारलं तर लाजली आणि म्हणाली, "लिव ना, अहो." सेटला मराठी अक्षरं येत नव्हती. रोमन अक्षरांत 'अहो' टाकलं आणि ते कसं दिसतं ते तिला दाखवून ठेवलं.

पहिल्याच दिवशी तिने सेटवर "अहो" अशी हाक मारली, तर अख्ख्या पार्किंगने "काय?" म्हणून ओ दिली! हसून हसून मेले सगळे. त्यानंतर ती सेटवर कधी बोललीच नाही. जेवण तयार झालं की नुसतं बटण दाबायची. बाबा पलीकडून दोनदा दाबायचे, म्हणजे येतो. मग ती ताट वाढायची, आणि ते जेवल्याशिवाय हिच्या तोंडात घास जायचा नाही. ह्यावरून मी तिच्याशी किती भांडलेय! "भूक त्यांना विचारून लागते का तुला?" ती फक्त हसायची.

बाबा गेले ते भर दुपारी, पार्किंगमध्ये, एका गाडीला टेकून. त्याआधी आईच्या सेटवर दोनदा 'अहो' उजळलेलं. तिने ताट वाढलेलं.

खरखर नाही, काही नाही. दुकानदार बोलला होता तस्संच.

धावून आलेल्या गर्दीत त्यांचा सेट हरवला. मी फार शोधला नाही, कारण आईने अन्न सोडलं होतं. पाणी प्यायची, बस. सलाइन लावायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर तुमच्या हातात राहणार नाहीत. मी ओरडले, रडले, पाया पडले. मग बाराव्यानंतर एक दिवस ती आपणहून जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. मी म्हटलं, सुटले बाई.

आणि तेव्हाच आमचा आचारी पांढराफटक चेहरा घेऊन ऑफिसात आला. "ताई, शेठ बटण दाबतायत."

मी त्याला झापलं. तर तो म्हणाला, "रोज जेवायच्या टायमाला. दोनदा. बोलत कायच नाहीत." पार्किंगवाल्यानेही तेच सांगितलं आणि आंबिवलीला घरी गेला, तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सेट समोर ठेवून बसले. बाहेर रणरणतं ऊन, रिकामं लॉन, कावळासुद्धा ओरडत नव्हता. स्क्रीन उजळली. बाबा. विझली. पुन्हा बाबा.



ह्या सेटांत एक सोय असते. समोरच्याला कळू न देता विचारता येतं, सेट चालू आहे का. मी बाबांच्या नंबराला विचारलं. उत्तर आलं, चालू आहे. बॅटरी एवढे दिवस टिकत नाही, म्हणजे कुणीतरी तो रोज चार्ज करत होतं. आणखी एक सोय होती, दुरून माइक उघडायची. ती मी भरली तेव्हा बाबा चिडलेले, "चोरून ऐकायचं बटण कशाला हवं गो?" मी माइक उघडला. पंखा फिरत होता. कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी सावकाश. मग जमिनीवर ताट ठेवल्याचा आवाज झाला.

भीतीचा क्षणात संताप झाला. मेल्याने माझ्या बापाचा सेट ढापला आणि वर आमची थट्टा करतोय! आईच्या कानावर हे गेलं तर ती पुन्हा अंथरूण धरेल, एवढंच डोक्यात होतं. चोरीला गेलेला सेट दुरून बंद पाडायचा हुकूम देता येतो. आमच्यात त्याला सेट मारणं म्हणतात. मी मारला.

दुसऱ्या दिवशी कुणाचाच सेट उजळला नाही. आचारी पेढे वाटायचा बाकी होता. आईने मात्र ताटाला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. "काय होतंय तुला?" विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा सलाइन, पुन्हा तेच, ह्या विचाराने मी ऑफिसात डोकं धरून बसले होते. लग्न नव्हतं, कामगारांचे सेट बंद करून ठेवलेले.

ती दारात आली. भिंतीला धरून आलेली, ओठ सुकलेले. पदराखालून तिने बाबांचा सेट काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्याच्यातला जीव गेला गो. बघ ना जरा."

माइकमधला तो पंखा, तो श्वास, ते ताट, सगळं तिचंच. ऑफिसामागच्या कोठीघरात बसून तीच बटण दाबत होती. एका हातात त्यांचा सेट, मांडीवर स्वतःचा. 'अहो' उजळलं की ताट वाढायची, आणि मग जेवायची.

मी लॅपटॉप उघडला. मारलेला सेट पुन्हा उठवताही येतो. सेट कुईं करून जागा झाला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, काही न विचारता आत गेली.

मी कामगारांचा एकेक सेट केबलला लावून त्यांचं चॅनल बदलायला घेतलं. जुनं चॅनल आम्हा तिघांपुरतं ठेवलं. जेमतेम दुसरा सेट लावला असेल, तोच टेबलावर माझी स्क्रीन उजळली. बाबा. आता कोण दाबतंय ते मला पक्कं माहीत होतं, तरी हातातली केबल मी खाली ठेवली. पुन्हा बाबा.

आतून ताटांचा आवाज आला. मग आईची हाक.

"ये गो जेवाला. ते आले."

मी गेले, आणि बाबांची जागा सोडून बसले.