पालावर नेलेला अर्ज

मुलीच्या शाळेने होमवर्क दिला होता. युरोपातल्या शहरांच्या कडेला पूर्वी भटक्या रोमा लोकांचे तळ पडायचे, गावकरी त्यांना हुसकून लावायचे, आणि आता त्याच जागी आठवणीच्या पाट्या लागतात, असा काहीसा धडा होता. तिने मला विचारलं, "आई, डिड युअर टाऊन हॅव समथिंग लाइक दॅट?"

"छे, आमच्याकडे तसलं काही नव्हतं," मी म्हणाले. माझी जीभ नेहमीच डोक्याच्या पुढे धावते.

समोर माझी मैत्रीण चहा पीत होती. ती इथेच आखातात, शहराच्या दुसऱ्या टोकाला सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते, शनिवारी आमच्या अल बर्शाच्या घरी येते. चार वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला मी तिला गाव विचारलं, तेव्हा तिने माझ्याच गावाचं नाव सांगितलं आणि मी तिथेच तिच्या गळ्यात पडले. कुठली आळी, कुणाची कोण, हे त्या आनंदात विचारायचं राहूनच गेलं.

"होतं की," ती शांतपणे म्हणाली. "बाजारपटांगणावर घिसाड्यांची पालं पडायची. त्यातलं एक आमचं."

तेव्हा कुठे मला आठवलं. दिवाळीनंतर ते लोक यायचे, भट्टी पेटवून विळ्या-खुरपी घडवायचे. आई त्यांच्याकडून हौसेने विळी घ्यायची आणि घरी येऊन आधी दोरीवरचे कपडे आत घ्यायची. यात काही विचित्र आहे, असं आम्हाला कधी वाटलं नाही. गेल्या वर्षी गावच्या महोत्सवात त्याच पटांगणावर सेल्फीसाठी खोटं पाल उभारलं होतं. भावाने फोटो पाठवला, मी लगेच बदाम टाकला आणि तो हिलाही पाठवून दिला. ती त्यावर काय म्हणाली होती, ते आता काही केल्या आठवेना.

"मी पाच वर्षांची असेन," ती मुलीला सांगू लागली. "गावातली एक मुलगी कागद घेऊन पालावर आली. सही पाहिजे म्हणाली. बाबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी काजळीचा अंगठा उमटवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांची सही मागितली होती. अजून सांगतात, त्या गावाने आपल्याला गावातलं धरलं. कुणी गाव विचारलं की तेच नाव सांगायचं, अशी आम्हाला ताकीद आहे."

ती मुलगी मी होते. पालं कायमची उठवा, असा नगरपालिकेला अर्ज माझ्या वडिलांनी लिहिला होता. 'एकही घर सोडू नकोस,' एवढंच त्यांनी मला बजावलं होतं, आणि मी आज्ञाधारक गाढव, पालही सोडलं नाही. तो अंगठा बघून वडील पोट धरून हसले होते. मीही हसले होते, का ते न कळता.

सांगावं की गिळून टाकावं? मला वडिलांची लाज वाटत होती, आणि त्यांना नावं ठेवायचीही लाज वाटत होती. शेवटी सांगून टाकलं, तुटक तुटक, हसण्याचा भाग गाळून.

मुलीने लिहिणं थांबवलं होतं. मग मैत्रिणीने कप उचलून सिंकमध्ये नेऊन ठेवला.

"पुढच्या आठवड्यात बाबा येतायत, व्हिजिट व्हिसावर," ती म्हणाली. "इथे आपल्या गावची एक बाई आहे, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. रोज फोनवर तुझी चौकशी करतात. तू ये. फक्त हे त्यांना सांगू नकोस."