सायखेड्याच्या कोनाड्यातला देवदूत

सायखेड्याला जायचं ठरलं ते आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंमुळे. तिथल्या महिला सभेत रविवारी मनन द्यायला, म्हणजे बायबलच्या वचनावर चार शब्द बोलायला, कोणी नव्हतं. विषय नेमलेला होता : देवाचा पुत्र देवदूतांहून श्रेष्ठ आहे. मी मॅट्रिक झालेली घरातली बाई, मनन कधी दिलेलं नाही. पण सभा होती माझ्या थोरल्या नणंदेच्या, कमलताईंच्या घरी. त्यांनी दोन वर्षांपासून चर्चमधलं प्रभुभोजन घेणं बंद केलं आहे आणि घरात एका देवदूताला मेणबत्ती लावतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे हे म्हणाले, "तूच जा. ताई तुझं ऐकेल." मला तसं वाटत नव्हतं. तरी वहीत पाच मुद्दे काढले. पहिल्या मुद्द्यात ‘देवदूत हे सेवक’ याखाली दोन रेघा मारल्या.

कोणाला जायचं असेल तर सांगते. नाशिकहून निफाडकडे जाणारी एसटी धरायची आणि चांदोरीला उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट आहे. शनिवारी सकाळी नऊच्या आत निघालात तर खिडकी मिळते. चांदोरीच्या फाट्यावर सायखेड्याला जाणाऱ्या रिक्षा उभ्या असतात, माणसं भरली की सुटतात. वीस रुपये. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. वाटेत चहा तेवढा घेतला.

फेब्रुवारीत ही बाजू बघण्यासारखी असते. द्राक्षबागांत घडांवर कागद चढवलेले, कडेने कांद्याची हिरवी रानं, आणि पूल ओलांडताना खाली गोदावरी एवढी शांत, की हीच नदी पावसाळ्यात घरांत शिरते हे खरं वाटू नये. रिक्षात माझ्या शेजारी एक म्हातारे बाबा कोंबडी पिशवीत घालून बसले होते. पिशवी माझ्या मांडीकडे सरकली की म्हणायचे, "ती काय करत नाय बाई, लय गरीब हाय." ती पूलभर माझ्या पदराला चोची मारत होती.

कमलताईंचं घर मळ्यात, दोन खोल्यांचं. गेल्या गेल्या कोनाडा दिसला. नाताळच्या गोठ्यातला मातीचा देवदूत तिथे उभा होता, एक पंख टोकाला तुटलेला. पुढे मेणबत्ती. फेब्रुवारीत गोठा काढून ठेवलेला असतो, म्हणून मी विचारलं, बाकीच्या मूर्ती कुठे आहेत.

"मेंढरं त्या डब्यात. मरिया, योसेफ पेटीत."

"आणि बाळ येशू?"

"तेबी पेटीत. कागदात गुंडाळलंय." मग चुलीकडे वळून म्हणाल्या, "दोन नाताळ झाले, काढलं नाय."

म्हणजे दोन वर्षं गोठा मांडला तो बाळाशिवाय. अशी गोष्ट आमच्या लोकांत कधी ऐकली नव्हती.

दुपारी बाजरीची भाकरी, भरीत आणि ठेचा. जेवून आम्ही अंगणात लसूण सोलत बसलो. त्यांनी देवदूताची हकिगत मला पुन्हा सांगितली. दोन पावसाळ्यांपूर्वी घाटावर धुणं धुताना पाय घसरला, पाणी ओढीचं होतं. कोण कुठली एक बाई पुढे आली, ताईंचा पदर मुठीत धरून तिने त्यांना वर ओढलं, पायरीवर बसवलं आणि निघून गेली. गावात कोणी तिला ओळखलं नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग माझा पहिला मुद्दा काढला. म्हटलं, ताई, देवदूत आला असेलही, पण तो सेवक. पाठवणारा पुत्र. मान पाठवणाऱ्याचा.

ताईंनी हातातली पाकळी सोलून पुरी केली.

"वहिनी, दूत चाकर हाय हे मला काय ठाऊक नाय? म्हणून तर त्याच्याशी माझं भांडण नाय. त्याला पाठवलं, तो आला. भांडण मालकाशी हाय. माझ्यासारख्या म्हातारीला पाठवला, मग आदल्या वर्षी माझ्या सारिकाला ताप चढला तेव्हा का नाय पाठवला?"

सारिका त्यांची एकुलती एक मुलगी. बावीस वर्षांची होती. लग्न ठरलं होतं. तिच्या मातीला मी होते, तिच्या साडीच्या निऱ्या मीच घातल्या होत्या. आणि तरी वहीत पाच मुद्दे काढताना मला तिची आठवण झाली नव्हती. ताईंना श्रद्धा समजावायला मी आले होते. त्यांना ती माझ्याहून जास्त कळत होती, म्हणूनच बाळ पेटीत होतं.

लसूण सोलून झाला तसा मी तो पाखडून घेतला.

रविवारी उपासनेनंतर अंगणात सतरंजी टाकली. नऊ-दहा बायका जमल्या. ताई मागे चहाच्या पातेल्यापाशी. मी वही उघडली आणि मिटली. पुत्र श्रेष्ठ आहे, देवदूत त्याला नमन करतात, त्याचं राजासन कायमचं आहे, हे सांगितलं, कारण ते खरं आहे. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला आपण चहा देतो, पण हळद त्याला लावत नाही, असंही म्हटलं. बायका हसल्या. मार्थाआजी म्हणाल्या, "मग माझ्या गुडघ्यासाठी कोणाला हाक मारू?"

"मालकालाच मारा आजी. कोणाला धाडायचं ते तो बघेल."

मग जे सकाळी भाकऱ्या थापताना मनात आलं होतं ते बोलले. देवदूत मरत नाहीत. पाण्यात हात घालून ते आपल्याला वर काढतात, पण स्वतः बुडत नाहीत. तापात पडलेल्या पोरीला काय वाटतं ते त्यांना माहीत नाही. सगळ्यांच्या वर असलेला तो एकटाच त्यांच्याहूनही खाली उतरला, आणि मेला. त्याचं मोठेपण त्या राजासनात आहे, तसंच या खाली उतरण्यातही आहे. सारिकासाठी कोणी का आलं नाही, हे मला माहीत नाही. पण ती गेली त्या ठिकाणी आधी गेलेला तोच एक आहे.

नाव माझ्या तोंडून निघून गेलं. ताईंनी मान वर केली नाही. चहा गाळला, सगळ्यांना दिला, मला शेवटी दिला.

निघताना त्यांनी पिशवीत कांदे भरले आणि द्राक्षाचे दोन घड वर ठेवले. रिक्षापर्यंत आल्या. म्हणाल्या, "बोललीस चांगलं. पण मी बाळ काढणार नाय." मी "बरं" म्हटलं. परतीच्या एसटीत उभ्यानेच आले, रविवारी संध्याकाळी गर्दी असते, हे जाणाऱ्यांनी धरून चालावं.

घरी आल्यावर यांनी विचारलं, ऐकलं का ताईने? मी म्हटलं, मीच ऐकून आले. द्राक्षं दोन दिवसांत संपली, कांदे अजून चालू आहेत. वहीतलं ते पान फाडलं नाही. पहिल्या मुद्द्यापुढे सारिकाचं नाव लिहून ठेवलं. पुन्हा कधी बोलायला उभी राहिले तर माणूस आधी आठवावं म्हणून.

परवा ताईंचा फोन आला. आधी कांदे कसे निघाले ते विचारलं. मग म्हणाल्या, पेटी उघडली होती.

"काढलंय त्याला. सारिकाच्या फोटोपाशी ठेवलंय."

मी विचारलं, देवदूत?

"तो हाय तिथंच. त्यानं काय केलंय?" मग म्हणाल्या, "भांडण मिटलं नाय हां वहिनी. पण पेटीतल्या माणसाशी भांडता येत नाय. समोर पायजे."